चढणीचं पाणी कुणाच्या हिशेबात?

१० मे २०२५ ला भोपाळमध्ये, पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मुरवायच्या तापी महापुनर्भरण योजनेवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सह्या झाल्या, आणि तेव्हापासून आमच्याकडे पाण्याचा जुना वाद नव्याने पेटला आहे. लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या आवारात, भुसावळच्या गाडीत, कुठेही बसा, बाजू दोनच. एक म्हणते, पावसाळ्यात तापीचं पाणी सुरतेच्या समुद्रात वाया जातं, थेंब न थेंब अडवा. दुसरी म्हणते, तापी सूर्यकन्या, आपली माय, तिला आणखी बांधू नका. मध्येच कुणी माशांचा विषय काढला की पहिल्या बाजूकडून ठेवणीतला सवाल येतो: तुम्हाला मासे जगवायचे की माणसं? तिथे बोलणं संपतं. भरल्या बैठकीत ‘मासे’ असं उत्तर कोण देणार? आणि ‘माणसं’ म्हटलं की नदीबद्दल बोलायचा हक्क गेला, असंच धरून चालतात.

हा सवालच खोटा आहे. धरणांनी आमच्या नद्यांतला मूळचा मासा संपवत आणला, यात मला शंका नाही. पण त्यात अडवलेल्या पाण्याच्या आकड्याइतकाच, किंबहुना जास्त, हात आहे तो पाण्याची वेळ बदलण्याचा. किती टीएमसी (अब्ज घनफूट) अडलं, कुणाच्या वाट्याला किती आलं, यावर आम्ही दोन पिढ्या भांडतो आहोत. पाणी कोणत्या नक्षत्रात अडवलं, कोणत्या महिन्यात सोडलं, दरवाजे तासाभरात पाडले की चार दिवसांत, यावर मी आजवर एकाही सभेत एक वाक्य ऐकलेलं नाही. आणि माशाचा जीव नेमका तिथे अडकला आहे. ती वेळ परत देण्यासाठी कुणाच्या केळीचं पाणी तोडावं लागत नाही, हे मला इथे मांडायचं आहे.

आधी गिरणेवर जे पाहिलं ते सांगतो. भडगाव तालुक्यातल्या एका गावाजवळ, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, धरणातून पाळीचं पाणी, म्हणजे आवर्तन, सुटलं म्हणून मी नदीवर गेलो होतो. पात्र तापलेलं, पाय ठेववत नव्हता. वाळूच्या खड्ड्यांतून मधूनमधून हिरवं, कोमट पाणी साचलेलं. दुपारी पाण्याचं तोंड आलं. हातभर उंचीचा फेस, पुढे वाळका पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि त्यामागे संथ सरकणारं मळकट पाणी. पोरं त्याच्या पुढे पळत होती. पाणी एका खड्ड्यात शिरलं तसे आतले बोटभर मासे सळसळत प्रवाहाच्या तोंडावर आले आणि उलट दिशेने चढू लागले. त्यांच्या लेखी पाऊस पडला होता. आठ-दहा दिवसांनी आवर्तन बंद झालं, आणि मी पुन्हा गेलो तेव्हा तेच मासे वरच्या अंगाच्या उथळ पाण्यात वाळूवर पांढरे पडलेले होते. बगळे आणि कुत्री त्यांच्यावर तुटून पडली होती. त्याच नदीवर मी आषाढातही उभा राहिलो आहे. तेव्हा वर धरण भरायचं असतं. खाली स्थानिक ओढ्यांचं पाणी आलं तर आलं, नाहीतर पात्र कोरडं. एप्रिलमध्ये वाहणारी आणि आषाढात थांबणारी नदी! माणसाच्या दृष्टीने हे वेळापत्रक बिनचूक आहे. गिरणा धरण १९६९ पासून याच हिशेबाने चालतं आणि त्याच्या भरवशावर मालेगावपासून खालपर्यंत लोक पाणी पितात. माशाच्या दृष्टीने मात्र वर्ष उलटं टांगलं गेलं आहे.

मिरगाचा पाऊस पडून ओढ्यांना गढूळ पाणी आलं की नदीतला मासा प्रवाहाच्या विरुद्ध निघतो. याला चढण म्हणतात. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन निघालेला असतो. त्याला पंचांग कळत नाही. पाण्याची पातळी वाढली, रंग बदलला, तापलेलं पाणी एकदम निवलं, या खुणा तो अंगाने वाचतो. महसीर दगडगोट्यांच्या, खळाळत्या ओढ्यांकडे जाते, कारण तिची अंडी गोट्यांच्या फटीत वाहत्या, ताज्या पाण्यावर जगतात. शिवड्यासारखा मासा पुराने भिजलेल्या काठच्या उथळ गवतात शिरतो. हे दिवस मोजके असतात. ते हुकले की वर्ष हुकलं. पुढच्या दहा महिन्यांत कितीही पाणी सोडा, त्याचा अंडी घालण्याशी संबंध उरत नाही. भरीला गाळ आहे. नदीचा गाळ धरणात बसतो आणि खालची नदी गाळाविना उपाशी राहते. ती मग स्वतःचाच तळ खरवडते, वाळू आणि बारीक गोटे वाहून नेते, आणि जिथे अंडी ठरायची तिथे उघडा खडक किंवा चिखल उरतो.

तापीवर तर साखळीच आहे. हतनूर, शेळगाव, काम चाललेला पाडळसे, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, आणि सीमेपलीकडे उकाई, काकरापार, थेट सुरतेतला बंधारा. एका बंधाऱ्याचा फुगवटा संपतो न संपतो तोच पुढच्याची भिंत. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहणारी ही नदी आमच्या वाट्याला आता तलावांच्या माळेसारखी येते. शिंदखेडा तालुक्यात भोई वस्तीतल्या एका आबांना मी विचारलं, आबा, मासे मिळतात का? ते जाळं सोडवत होते, मान वर न करता म्हणाले, “मासा भेटस ना भाऊ. पन तो तयाना मासा. नदीना मासा आते कोठे शे?” तळ्याचा मासा मिळतो, नदीचा कुठे राहिला? या प्रश्नाचं जीवशास्त्र मी नंतर कितीतरी ठिकाणी वाचलं, पण आबांनी ते जाळ्यातून काढून दाखवलं होतं. त्या दिवशीच्या टोपलीत बहुतेक चिलापी होती, म्हणजे तिलापिया, हा मासा १९५२ मध्ये परदेशातून भारतात आणला गेला. दोन रोहू होते. वाम एक, तीही करंगळीएवढी. महसीर शेवटची कधी पाहिली, हे त्यांना आठवेना.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते कच्चे आहेत असं मी म्हणणार नाही, कारण ते माझ्याच घरातून येतात.

माझ्या मामांची केळी रावेर तालुक्यात आहे. दर दोन-तीन वर्षांनी बोअर आणखी खाली न्यावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याचा तो दगडगोट्यांचा पट्टा, ज्याला भूगर्भवाले बझाडा म्हणतात, एके काळी पाण्याने ओतप्रोत होता. आम्ही तो पंपांनी उपसला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनाखालचं पाणी मात्र दर वर्षी खोल जातं आहे. मामांना कुणी ‘नदी माय आहे’ असं सांगायला गेलं तर ते चहा पाजतील आणि विचारतील, मग माझ्या बागेला पाणी कोण देणार? याला दुसऱ्या बाजूकडे उत्तर नाही. नदीला देवी म्हणून बंधारे थांबत नसतात. हतनूर १९८२ ला उभं राहिलं नसतं तर दीपनगरचं वीज केंद्र, भुसावळचा आयुध कारखाना आणि जळगावचे उद्योग कशावर चालले असते? धरणं पाडा म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही, हे मी स्वच्छ सांगतो.

दुसरा मुद्दा याहून अवघड. लोक म्हणतात, आमच्या नद्या काही गंगा-यमुना नव्हेत. उन्हाळ्यात त्या आधीही आटत होत्या. उलट बंधाऱ्यांमुळे मे महिन्यातही पाणी दिसतं, म्हणजे माशाला आसराच झाला की! यात तथ्य आहे. दख्खनच्या नद्या मोसमी, आणि इथला मूळचा मासा आटण्याला सरावलेला आहे. पण तो कसा सरावला? डोहांमुळे. नदी आटली की मासा खोल, सावलीच्या, खडकाच्या कुशीतल्या डोहात जाऊन बसायचा आणि मिरगाला तिथून निघायचा. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागायच्या, उन्हाळ्यात डोह आणि आषाढात वाट. फुगवट्याने बरेच डोह गाळाने भरले, उरलेले वाळू उपसणाऱ्यांनी उघडे पाडले, आणि बंधाऱ्याने वाट बंद केली. शिवाय भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पसरलेलं उथळ उभं पाणी आणि खडकाखालचा गार डोह यांची बरोबरी होईल का? आटणं ही आमच्या नदीची जुनी रीत होती. आटल्यानंतर वेळेवर न उठणं ही रीत आम्ही लावली.

तिसरा मुद्दा उत्पादनाचा. जलाशयांत मासेमारी संस्था चालतात, हजारो कुटुंबांना रोजगार आहे, कटला-रोहू बाजारात मुबलक आहे. मग मासा संपला असं कसं म्हणता? हा मुद्दा सरकारी अहवालांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो आणि इथेच सगळ्यात मोठी गल्लत आहे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते तापीत आणून सोडले गेले. आणि गंमत म्हणून सांगत नाही, मुद्द्याचं आहे म्हणून सांगतो: हे मासेसुद्धा उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, म्हणून आज बीज तयार होतं आणि पिशव्यांत भरून जलाशयात सोडता येतं. तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि पाळावाच, एवढं मोठं ते काम आहे. पण त्याचा अर्थ नीट लावा. पुराचा जो इशारा नदी फुकट देत होती, तोच इशारा आपण सुईतून देतो. जलाशयातलं माशांचं उत्पादन ही शेती आहे, पेरलं तर उगवतं. गोठ्यात जर्सी गाई वाढल्या म्हणून जंगलातला गवा सुखरूप आहे, असं कुणी म्हणेल का?

‘मासे धोक्यात आहेत याला पुरावा काय?’ असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत शिवडा ‘असुरक्षित’ गटात आहे, हा एक पुरावा. नर्मदा-तापीच्या महसीरीसमोर मात्र त्याच यादीत ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. हा शेरा वाचून बंधाऱ्यांचे समर्थक सुटकेचा श्वास टाकतात. मला तो वाचून सगळ्यात जास्त काळजी वाटते. ज्या माशाला मध्य प्रदेशाने राज्याचा मासा म्हणून मान दिला आणि ज्याच्या नदीवर दोन राज्यं मिळून करार करतात, तो मासा किती उरला आहे हे ठरवण्याइतकीही मोजणी कुणी केलेली नाही. रोग्याचा ताप मोजलाच नाही, म्हणून ताप नाही?

मोजणी केली की काय दिसतं, यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीकडे पाहावं. तिथे १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणात पाणी साठू लागलं. आधी ती नदी उन्हाळ्यात कोमट, लालभडक गाळाची आणि पुराची होती. धरणानंतर तळातून सुटणारं पाणी बाराही महिने थंड आणि काचेसारखं स्वच्छ झालं. गाळ मागे अडला, पूर थांबले. त्या स्वच्छ पाण्यात बाहेरून आणलेला ट्राउट मासा फोफावला, पर्यटक खूश झाले. आणि ग्रँड कॅन्यनमधल्या आठ मूळ जातींपैकी किमान तीन तिथून नाहीशा झाल्या. पाठीला कुबड असलेला हंपबॅक चब नावाचा मासा तगला तो मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या आसऱ्याने, कारण ती अजून कोमट, गढूळ आणि बरीचशी मोकळी वाहत होती. १९९२ मध्ये तिथे कायदा झाला की धरण चालवताना खालच्या नदीचाही विचार करावा लागेल, आणि १९९६ च्या मार्चमध्ये धरणातून मुद्दाम आठवडाभर पूर सोडण्यात आला. धरण पाडलं नाही, वीज बंद केली नाही, शेतीचं पाणी तोडलं नाही. पाणी सोडण्याची रीत बदलली. चबला २०२१ मध्ये धोक्याच्या सर्वात वरच्या पायरीवरून एक पायरी खाली आणता आलं.

हे उदाहरण मी जसंच्या तसं इथे चिकटवणार नाही. ग्लेन कॅन्यन दोनशे मीटरहून उंच आहे. हतनूर जेमतेम पंचवीस मीटरचं. आमच्याकडे धरणाखाली पाणी थंड पडत नाही, उलट तापतं. शिवाय तिथेही गोष्ट सुखान्त नाही. दुष्काळाने जलाशय खाली गेला, गरम पाण्याबरोबर बास नावाचा परका शिकारी मासा धरणातून खाली उतरला आणि २०२२ पासून चबसमोर नवं संकट उभं आहे. एकदा मोडलेली नदी कायमची देखभाल मागते, हे त्यातून दिसतं. पण दोन गोष्टी आमच्या कामाच्या आहेत. एक, दरवाजा कधी आणि कसा उघडायचा हा निर्णय बदलता येतो. दुसरी, मुख्य नदी बांधली गेली तरी एखादी मोकळी उपनदी मासा वाचवू शकते.

यावर तांत्रिक उपायांचे भक्त म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? बंधाऱ्याला माशांसाठी शिडी करा, नाहीतर महसीरीचं बीज तयार करून सोडा. शिडीचं तंत्र वाढलं ते उड्या मारत चढणाऱ्या सामन (सॅल्मन) माशासाठी. आमच्या माशांची चढण तशी नाही. १९३४ मध्ये मेत्तूर धरण झालं आणि कावेरीतला हिलसा हातचा गेला. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का धरण झालं आणि ज्या हिलसा समुद्रातून थेट प्रयागपर्यंत यायच्या त्या खालीच अडल्या. त्यांच्यासाठी बांधकामातच सोय ठेवली होती, तरी वरच्या गंगेतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो मासा परतला नाही. बीज सोडण्याची कथा तर अधिक बोलकी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातून सुरू होते. लोणावळ्याजवळ निळ्या परांच्या महसीरीचं बीज तयार करण्यात यश आलं, कौतुक झालं, आणि ते बीज देशभर नद्यांत गेलं. कावेरीतही गेलं. तिथे आधीपासून एक स्वतंत्र, कुबडवाली, नारिंगी परांची महसीर होती. पाहुणी वाढत गेली, घरची आक्रसत गेली. घरच्या महसीरीला शास्त्रीय नाव नक्की होऊन ती २०१८ मध्ये लाल यादीत आली तेव्हा थेट ‘अतिसंकटग्रस्त’ गटातच आली. चांगल्या हेतूने ओतलेल्या पिशव्यांनी हे घडलं. म्हणून तापीत ‘महसीर सोडण्याचा’ सोहळा कुणी जाहीर केला तर माझा पहिला प्रश्न असेल, कोणती महसीर, कुठून आणलेली?

वाळूउपसा, कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी, सुरुंग, विजेचा झटका देऊन मासे मारणं, हेही मासा संपवतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवणं चूक नाही. फक्त एवढंच की वाहत्या पाण्यात घाण विरते आणि थांबलेल्या पाण्यात साचते. पुराने दर वर्षी भरणारी वाळू पूर थांबल्यावर भरत नाही. ही सगळी दुखणी थांबलेल्या नदीत दुप्पट होतात.

मग पाणी अडवावंही आणि नदी तोडूही नये असं काही असतं का? असतं, आणि ते शिकायला खानदेशाला अमेरिकेत जावं लागत नाही. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर तीनशेहून जास्त वर्षं फड बंधाऱ्यांची पद्धत चालत आली. नदीच्या पात्रात बुटका दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे गावाने ठरवायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. उसापासून भातापर्यंत सारं त्यावर पिकलं. फडाबद्दल आमच्याकडे सहकाराचा, न्याय्य वाटपाचा नमुना म्हणून पुष्कळ बोललं जातं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो बंधारा बुटका होता. आषाढ-श्रावणात नदी त्याच्या डोक्यावरून जायची, भिंत पाण्याखाली बुडायची आणि वर-खाली नदी एक व्हायची. पाणी ओसरलं की बंधारा पुन्हा कामाला लागायचा. पावसाळ्याचे दिवस नदीचे आणि रब्बीचे दिवस गावाचे, अशी वाटणी कुणी कागदावर लिहिली नव्हती, दगडाच्या उंचीतच ती होती. ज्यांनी तो बंधारा रचला त्यांनी माशासाठी रचला असं मी म्हणत नाही. पण पाणी घेऊनही नदी तोडावी लागत नाही, हे आमच्याच शिवारात शतकानुशतकं सिद्ध झालेलं होतं.

हतनूरबद्दल कुणी म्हणेल, तिथे तर पावसाळ्यात एकेचाळीसच्या एकेचाळीस दरवाजे उघडतात, दर वर्षी बातमी येते; चढणीचं पाणी मिळतंच ना? पाणी मिळतं, वाट मिळत नाही. दरवाजाखालून काँक्रीटवर आदळणाऱ्या धारेला तोंड देऊन मासा वर जाऊ शकत नाही. आणि निसर्गाचा पूर चार-सहा दिवस उतरत जातो, दरवाजा मात्र बटण दाबलं की बसतो. तापीवरच्या एका बंधाऱ्याखाली मी हे पाहिलं आहे. संध्याकाळी दरवाजे पाडले आणि सकाळपर्यंत खडकांतल्या खळग्यांत मासे अडकून पडले. लोक घमेली घेऊन उतरले होते. एका बाईच्या घमेल्यात पोटात गच्च गाभोळी असलेले मासे होते. तिचा काय दोष? ती उचलणार नाही तर कावळे उचलतील. दोष उतरत्या पाण्याला वेळ न देणाऱ्या वेळापत्रकाचा.

तेव्हा महापुनर्भरणाच्या वादात माझी जागा कुठे? मी योजनेच्या विरोधात नाही. ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी जे काही बझाड्यात मुरेल ते मामांच्या बोअरला लागेल, आणि जमिनीखालचं पाणी वर आलं तर सातपुड्यातून उतरणारे ओढे दिवाळीनंतरही वाहते राहतील, त्याचा माशालाही फायदाच. या योजनेत नदीचं भलं होण्याची जी शक्यता आहे ती नव्या उंच भिंतीच्या धरणात नसते, हे मान्य करायला हवं. पण ‘पुराचं वाया जाणारं पाणी’ उचलू, असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा कोणता पूर, हे विचारायलाच हवं. आषाढातला पहिला गढूळ लोंढा आणि भाद्रपदातला भरून वाहणारा पूर हे टीएमसीत सारखेच मोजले जातात. नदीच्या जीवनात त्यांची बरोबरी नाही. पहिला लोंढा जाऊ द्या, भाद्रपदातलं पाणी मनसोक्त मुरवा, हे सूत्र करारात घालायला कुणाचं काय बिघडतं? गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये महिन्यानुसार किमान प्रवाह ठरवून दिला आणि पावसाळ्यातला वाटा सर्वात मोठा, ३० टक्के ठेवला. महिन्यानुसार! गंगेला जे मिळतं ते तापीला का मिळू नये? गंगा उत्तरेत आहे म्हणून?

सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा यांच्यासारख्या बंधाऱ्यांवर हे करून पाहणं तर सर्वात सोपं, कारण तिथले दरवाजे पूर्ण उचलले की धरणापेक्षा नदी पुष्कळ मोकळी होते. मिरग-आर्द्रेच्या पहिल्या लोंढ्याला दहा-बारा दिवस ते पूर्ण वर ठेवायचे आणि पाडताना एका रात्रीत न पाडता पायरीपायरीने पाडायचे. पुढच्या पावसात ते भरणारच आहेत. सातपुड्यातून तापीला येणारी निदान एक उपनदी उगमापासून संगमापर्यंत कायमची मोकळी ठेवायची. कोणती ते मोजणी करून ठरवावं, तालुक्यातल्या राजकारणावरून नव्हे. आणि उरलेले खोल डोह शोधून तिथला वाळूउपसा व पंप पूर्ण बंद करायचे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीचा डोह देवीच्या नावाने राखला गेला आणि तिथे महसीर आजही माणसाच्या हातून लाह्या खायला येते. गावाने मनावर घेतलं तर डोह राखता येतो, हे तिथे उभं राहून पाहता येतं.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस असतो. काठच्या गावांत ओटी भरतात, नदीला साडी नेसवतात, आरती होते. ती तिथी आणि चढणीचे दिवस आसपासच येतात. यंदा त्या दिवशी एखाद्या बंधाऱ्याचे सगळे दरवाजे वर असावेत, आणि खालच्या अंगाला वही घेऊन कुणीतरी बसलेलं असावं, कोणता मासा वर गेला ते लिहायला. शिंदखेड्याच्या त्या आबांना मी विचारलं आहे. वही दुसऱ्या कुणी लिहावी, मासा ओळखायला मी बसतो, असं ते म्हणाले आहेत.